वाहता कान आणि त्यातील जीवाणू

‘कान फुटला’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांत सर्रास ऐकू येतो. लहान मुलाला सर्दी होते, दोन रात्री ते कान धरून रडते आणि एके सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसतो. पू बाहेर पडल्यामुळे आतील दाब कमी होतो, ठणका थांबतो, ताप उतरतो आणि घरातील माणसे निश्चिंत होतात. पुष्कळ वेळा हे निश्चिंत होणे योग्यच असते. कानाच्या पडद्याला पडलेले लहानसे छिद्र बहुधा काही दिवसांत आपोआप भरून येते. काही मुलांच्या बाबतीत मात्र ते भरून येत नाही. कान आठवड्यामागून आठवडे वाहत राहतो, मध्येच कोरडा पडतो आणि सर्दी झाली किंवा विहिरीत पोहून आले की पुन्हा वाहू लागतो. तो दुखत नाही, म्हणून कोणी फारसे मनावर घेत नाही. मूल मोठे झाले की बरे होईल, अशी सर्वांची समजूत असते.

या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘जीर्ण पूयस्रावी मध्यकर्णदाह’ असे म्हणतात. नाव भारदस्त असले तरी अर्थ साधा आहे : कानाच्या मधल्या भागाचा, पू वाहणारा, जुनाट दाह. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात जगभरातील अशा रुग्णांची संख्या साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी यांच्या दरम्यान असावी, असा अंदाज दिला आहे. त्यांपैकी सुमारे साठ टक्के लोकांना कमी ऐकू येते, असेही त्यात म्हटले आहे. हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या देशांत त्या अहवालाने भारताची गणना केली आहे. आकडे मोठे आहेत. पण त्यांमागचे चित्र आपल्या ओळखीचे आहे. वर्गात मागे बसलेला एखादा मुलगा हाक मारली तरी ओ देत नाही. गुरुजी त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतात, घरी त्याला ‘हट्टी’ म्हणतात. हळूहळू त्याचा अभ्यास मागे पडतो आणि एक दिवस शाळाही सुटते. तो ऐकत नव्हता की त्याला ऐकूच येत नव्हते, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

अशा कानातून वाहणारा पू म्हणजे नेमके काय, त्यात कोणते जीवाणू असतात, ते तेथे कोठून येतात आणि त्यांची ओळख पटवून उपयोग काय, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

प्रथम कानाची रचना थोडी आठवू. बाह्यकर्णाची नळी जेथे संपते तेथे कानाचा पडदा, म्हणजे कर्णपटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक दशांश असते. या पडद्याच्या आत हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते. तोच मध्यकर्ण होय. या पोकळीत हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. त्यांपैकी रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड आहे. त्याची उंची जेमतेम तीन मिलिमीटर असते. पडद्याची थरथर या तीन हाडांमार्फत आंतरकर्णापर्यंत पोहोचते. पडद्याला भोक पडले की ही थरथर कमकुवत होते, आणि पुवाने हाडांची साखळीच झिजली तर श्रवणशक्ती आणखी घटते.

मध्यकर्णाला घशाशी जोडणारी एक नळीही असते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ यूस्टेशियस याच्या नावावरून तिला यूस्टेशियन नलिका म्हणतात. आपण आवंढा गिळतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आतील हवेचा दाब बाहेरच्या हवेइतका होतो. घाटातून बसने जाताना कानाला दडे बसतात व गिळल्यावर सुटतात, ते या नळीमुळेच. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे नाका-घशातील जंतूंना वर चढणे सोपे जाते. कान फुटण्याचा विकार मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक का, याचे एक प्रमुख कारण नळीच्या या उतारात आहे. बाळाला अगदी आडवे निजवून दूध पाजू नये, हा सल्लाही त्याचसाठी दिला जातो.

म्हणजे मध्यकर्णात शिरण्याचे दोन मार्ग झाले. एक आतला, घशाकडून येणारा. आणि दुसरा बाहेरचा, जो पडद्याला भोक पडल्यावरच उघडतो. हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सारा उलगडा त्यावर अवलंबून आहे.

सर्दीनंतर अचानक ठणकणाऱ्या कानातील पू तपासला तर त्यात बहुधा स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई, हीमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोरॅक्सेला कॅटॅरॅलिस हे तीन जीवाणू आढळतात. हे तिघेही नाका-घशातले रहिवासी आहेत. ते आतल्या मार्गाने आले, हे उघड आहे. महिनोन्महिने वाहणाऱ्या कानातील पू तपासला, तर मात्र निराळीच मंडळी सापडतात. तेथे स्यूडोमोनस एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांचे प्राबल्य असते; त्यांच्या जोडीला प्रोटियस, क्लेब्सिएला आणि ऑक्सिजनविना वाढणारे काही जीवाणूही असतात. कधी कधी बुरशीही आढळते. स्टॅफिलोकॉकस हा त्वचेवर आणि नाकपुडीत राहणारा, तर स्यूडोमोनस हा ओलाव्यात वाढणारा. डबके, मोरी, ओलसर माती, साठवणीचे पाणी ही त्याची वस्तीची ठिकाणे. अशा जीवाणूंचे मध्यकर्णात सापडणे याचा अर्थ ते बहुतांशी बाहेरच्या मार्गाने, पडद्याच्या भोकातून आत आले आहेत.

‘कानात पाणी जाऊ देऊ नका’ असे डॉक्टर वारंवार का सांगतात, याचे उत्तर येथे मिळते. घरातील वडीलधारी माणसे या सूचनेकडे अनेकदा पथ्यपाण्याच्या बाबींपैकी एक म्हणून पाहतात आणि चार दिवसांनी ती विसरतात. वास्तविक ती सूचना जीवाणूंच्या तपासणीतून निघालेली आहे. कानात तेल किंवा लसणाची फोडणी गरम करून घालण्याची चालही याच दृष्टीने पाहावी. पडदा शाबूत असलेल्या कानात तिने फारसे बिघडत नसेल. पण फुटलेल्या कानात ते तेल सरळ मध्यकर्णात उतरते आणि बाहेरचा मळ आपल्याबरोबर आत घेऊन जाते. काडीने, केसांच्या पिनेने किंवा कानकोरण्याने पू टोकरणे तर त्याहून वाईट.

आता या जीवाणूंची ओळख कशी पटवतात ते पाहू. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही, आणि तिची अडचण अगदी पहिल्याच पायरीवर आहे. बाह्यकर्णाच्या नळीच्या त्वचेवर निरुपद्रवी जीवाणू नेहमीच असतात. कानाच्या तोंडाशी आलेला पू कापसाने टिपून प्रयोगशाळेत पाठवला, तर त्यात मध्यकर्णातील जीवाणू कोणते आणि नळीतील कोणते हे सांगता येत नाही. म्हणून जाणकार तज्ज्ञ आधी नळीतील पू शोषून काढतात, नळी स्वच्छ करतात, आणि मग सूक्ष्मदर्शकातून पाहत पडद्याच्या भोकाजवळूनच निर्जंतुक कापूसकाडीवर नमुना घेतात. रुग्णाने त्याआधी काही दिवस प्रतिजैविके घेतलेली नसावीत. नाही तर जीवाणू अर्धमेले झालेले असतात आणि वाढतच नाहीत. नमुना फार वेळ पडून राहिला तर तो वाळतो. प्रयोगशाळेत कितीही चांगली यंत्रे असली, तरी चुकीच्या जागेवरून घेतलेल्या नमुन्याचे उत्तर चुकीचेच येणार.

नमुना हाती आल्यावर त्याचा थोडा भाग काचपट्टीवर पसरून रंगवला जातो. ही पद्धत डेन्मार्कचे हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केली. जांभळा रंग, आयोडीन, मग अल्कोहोलची धुलाई आणि शेवटी लाल रंग, अशा क्रमाने काचपट्टी रंगवतात. काही जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, काही तो सोडून देतात आणि लाल दिसतात. पहिले ‘ग्राम-धन’ आणि दुसरे ‘ग्राम-ऋण’. स्टॅफिलोकॉकस जांभळ्या गोळ्यांच्या घडासारखा दिसतो. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घोस. स्यूडोमोनस आणि प्रोटियस हे लाल काड्यांसारखे दिसतात. अवघ्या काही मिनिटांत शत्रूचा गट तरी कळतो.

नाव कळण्यासाठी मात्र जीवाणू वाढवावे लागतात. त्यासाठी अगर नावाच्या समुद्री शेवाळापासून काढलेल्या, खळीसारख्या घट्ट पदार्थात पोषक द्रव्ये मिसळून ती चपट्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तबकडीत ओततात. अगरचा हा उपयोग जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत सुरू झाला आणि तो सुचवला होता फॅनी हेसे या गृहिणीने. स्वयंपाकघरात जेली करण्यासाठी त्या अगर वापरत असत. (जीवाणूशास्त्राच्या इतिहासात या बाईंचे नाव पुष्कळ काळ झाकलेलेच राहिले.) या तबकड्यांवर नमुन्याच्या रेघोट्या ओढून त्या ३५ ते ३७ अंश सेल्सियस तापमानाच्या पेटीत रात्रभर ठेवतात.

दुसऱ्या दिवशी तबकडी उघडणे हा प्रयोगशाळेतील मोठा कुतूहलाचा क्षण असतो. प्रत्येक जीवाणू आपापली खूण सांगतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या वसाहती सोनेरी पिवळ्या असतात. ‘ऑरियस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच सोनेरी. प्रोटियसची वसाहत एका जागी थांबत नाही, पाण्यावरील तरंगांप्रमाणे वर्तुळांमागून वर्तुळे करीत साऱ्या तबकडीवर पसरते. रूपे बदलणाऱ्या एका ग्रीक समुद्रदेवतेचे नाव त्याला मिळाले ते यामुळेच. स्यूडोमोनस आपल्याभोवतीच्या अगरला निळसर हिरवी छटा देतो आणि त्याला पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. जखमांच्या पट्ट्यांवर असा निळा-हिरवा पू का दिसतो, याचा शोध घेताना फ्रान्समधील कार्ल गेसार यांनी १८८२ साली हा जीवाणू वेगळा केला. तांब्याच्या भांड्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजाला आपण जंगाल म्हणतो; ‘एरुजिनोसा’ म्हणजे त्या जंगाली रंगाचा. यानंतर काही रासायनिक चाचण्या करून ओळख पक्की करतात.

पण नुसते नाव कळून रुग्ण बरा होत नाही. कोणते औषध चालेल, हे कळायला हवे. त्यासाठी तबकडीवर त्या जीवाणूचा एकसारखा थर पसरतात आणि त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजवलेल्या, टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवतात. औषध प्रभावी असेल तर चकतीभोवती जीवाणू वाढत नाहीत आणि स्वच्छ वर्तुळ दिसते. त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून ठरावीक कोष्टकाशी ताडून पाहतात. अमेरिकेतील बाउअर, किर्बी आणि त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली या पद्धतीला प्रमाणित रूप दिले आणि आजही असंख्य रुग्णालयांत ती वापरली जाते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या ‘कल्चर रिपोर्ट’मध्ये औषधांच्या नावांपुढे ‘संवेदनशील’ किंवा ‘प्रतिरोधी’ अशा अर्थाची अक्षरे असतात, ती या वर्तुळांवरून काढलेली असतात.

या अहवालाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्यातील ‘प्रतिरोधी’ हा शेरा गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर रक्तात औषधाचे जेवढे प्रमाण होते, त्यावर आधारलेला असतो. कानात टाकायच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या ०.३ टक्क्यांच्या थेंबांत दर मिलिलिटरला तीन मिलिग्रॅम औषध असते. हे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या शेकडो पट अधिक आहे. त्यामुळे कागदावर प्रतिरोधी ठरलेला जीवाणूही थेंबांनी नाहीसा होऊ शकतो. वाहत्या कानासाठी पोटात घेण्याच्या औषधापेक्षा कानातील थेंब अधिक गुणकारी ठरतात, हा अनुभव यामुळे समजण्याजोगा होतो. अर्थात, थेंब आतपर्यंत पोहोचले तर! पुवाने भरलेल्या कानात थेंब टाकणे म्हणजे भरलेल्या घागरीत पाणी ओतणे. म्हणून आधी कान टिपून कोरडा करावा लागतो.

प्रत्येक वाहत्या कानाची अशी तपासणी आवश्यक आहे काय? माझ्या मते, नाही. साध्या रुग्णात कोणते जीवाणू असणार याचा अंदाज डॉक्टरांना असतो आणि थेंब लगेच सुरू करणे हेच हिताचे असते. दोन-तीन आठवड्यांच्या नीट उपचारानंतरही कान वाहतच राहिला, तर मात्र तपासणी टाळू नये. क्षयाचे जंतूही मध्यकर्णात घर करू शकतात आणि ते सामान्य तबकडीवर रात्रभरात वाढत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते. आपल्या देशात ही शक्यता विसरून चालत नाही.

तबकडीवर काहीच वाढले नाही, तर तेथे जीवाणू नाहीत असे समजावे काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे छळत होता. काही मुलांच्या कानाचा पडदा शाबूत असतो. पण त्यामागे चिकट द्रव महिनोन्महिने साचून राहतो. या द्रवाचे संवर्धन केले तर तबकडी पुष्कळदा कोरीच राहते. १९९५ साली अमेरिकी संशोधकांनी अशा ९७ नमुन्यांची जीवाणूंच्या डीएनएसाठी तपासणी केली. संवर्धनात अवघ्या २८ नमुन्यांत जीवाणू वाढले होते. डीएनए मात्र ७५ नमुन्यांत सापडला. हा मेलेल्या जीवाणूंचा अवशेष असेल, अशी शंका घेतली गेली. पुढे २००६ साली जुनाट विकार असलेल्या मुलांच्या मध्यकर्णाच्या अस्तराचे बारीक तुकडे विशेष सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले. पन्नासपैकी शेहेचाळीस तुकड्यांवर जीवाणूंचे थरच्या थर चिकटलेले आढळले.

अशा थराला ‘जैवपटल’ म्हणतात. पाण्याच्या माठाच्या आतून धरणारा बुळबुळीत थर आपण हाताने अनुभवलेला असतो; तो याच जातीचा. जीवाणू एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याभोवती चिकट द्रव्याचे कवच तयार करतात. या कवचातून औषध सावकाश झिरपते, आणि खोलवरचे जीवाणू जवळजवळ निद्रिस्त असल्यामुळे वाढत्या पेशींवर घाव घालणारी औषधे त्यांना फारशी बाधत नाहीत. कापूसकाडीला लागतात ते थरातून सुटलेले, मोकळे जीवाणू. औषधाने तेच मरतात. कान कोरडा पडतो, औषध थांबते, आणि काही आठवड्यांनी थरातून नवे जीवाणू बाहेर पडून कान पुन्हा वाहू लागतो. ‘औषध घेतले की थांबते, सोडले की वाहते’ ही रुग्णांची जुनी तक्रार आता निराळ्या प्रकाशात दिसते. त्यात औषध नेहमीच खोटे नसते आणि रुग्ण नेहमीच हलगर्जी नसतो.

डीएनएवरून जीवाणू ओळखण्याच्या या पद्धतीने नवे प्रश्नही उभे केले आहेत. मध्यकर्णातील द्रवात १९८९ साली प्रथम आढळलेला अ‍ॅलॉयोकॉकस हा अतिशय सावकाश वाढणारा जीवाणू आता अनेक नमुन्यांत सापडतो. पण तो निरोगी माणसाच्या बाह्यकर्णातही सापडतो. तेव्हा तो रोगाचा कर्ता की नमुना घेताना आलेला वाटसरू, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. तंत्र कितीही पुढे गेले तरी नमुन्याच्या जागेचा तो पहिला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतोच.

या साऱ्या अभ्यासाचा उपचारावर झालेला परिणाम मात्र स्पष्ट आहे. स्वच्छ, शोषक कापडाची किंवा कागदाची वात करून ती हळूच कानात धरावी, ओली झाली की बदलावी, आणि वात कोरडी निघेपर्यंत असे करावे. दिवसातून तीन वेळा याप्रमाणे कान टिपून नंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब टाकावेत. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी बसवावा. शेजाऱ्याकडची अर्धी उरलेली बाटली वापरू नये. जेंटामायसिन किंवा निओमायसिनसारखी काही औषधे फुटलेल्या पडद्यातून आत गेल्यास आंतरकर्णातील श्रवणपेशींना कायमची इजा करू शकतात. कान कोरडा झाल्यावरही भोक उरले, तर शस्त्रक्रियेने पडदा बसवता येतो. त्यामुळे बाहेरचा मार्ग बंद होतो आणि ऐकूही बरे येऊ लागते. पडद्याची कातडी आत वाढून हाड कुरतडू लागली असेल, तर शस्त्रक्रियेला पर्यायच नसतो. अशा कानातील पू थोडा पण फार दुर्गंधीयुक्त असतो.

वाहत्या कानाबरोबर तीव्र डोकेदुखी, उलट्या, चक्कर, कानामागे सूज किंवा चेहरा एका बाजूला वाकडा होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मध्यकर्णाचे छत म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या वरच्या अंगाला मेंदू असतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी कान फुटल्यावर मेंदूत पू होऊन माणसे दगावत, आणि उपचाराला उशीर झाला तर आजही दगावतात.

केंद्र शासनाने २००७ साली बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कार्यक्रम प्रथम काही जिल्ह्यांत सुरू केला आणि पुढे त्याचा विस्तार केला. कानाची तपासणी, श्रवणचाचणी आणि शस्त्रक्रिया यांची सोय जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर व्हावी, असा त्याचा हेतू आहे. तेथे जाताना आधीच्या तपासणीचे कागद आणि वापरलेल्या थेंबांच्या रिकाम्या बाटल्या बरोबर न्याव्यात. कोणते औषध देऊन झाले आहे, हे त्यांवरून डॉक्टरांना लगेच कळते, आणि नमुना आत्ता घ्यायचा की औषध काही दिवस थांबवून मग घ्यायचा, हे त्यांना ठरवता येते.